देठाचा श

कंपनीने टाकून दिलेला लॅपटॉप
गेट-पास करून बाहेर आणला, त्याला दोन रमजान झाले.
स्टोअरकीपर कुञ्ञुमोन म्हणाला,
"परकारसाहेब, यात नवी विंडोज आता चढायची नाही,
भंगारात वजनावर जाईल."
मी रकान्यात सही केली. वजन : दोन किलो शंभर.

सोहारपासून आत, फलज-अल-कबाइलच्या कॅम्पात
आमची खोली : चार पलंग, चार कपाटं, एक एसी,
ज्याचा रिमोट कुणा एकाचा नाही.
शुक्रवारी बाकीचे झोपलेले असताना
मी पेनड्राइव्हवरून एकेक लिनक्स लावून पाहू लागलो,
भाड्याची जागा पाहतात तसा,
नळ सोडून, खिडकी उघडून, पंख्याचा आवाज ऐकून.

पहिली म्हणजे गेस्ट हाऊस :
सगळं चकचकीत आणि सगळं स्क्रूने आवळलेलं.
खालची पट्टी डावीकडे न्यायची म्हटलं तरी तोंड वाकडं.
दुसरीने दारात विटा-सिमेंट ओतलं
नि म्हणाली, बांध.
तीन शुक्रवार बांधलं. भिंती उभ्या राहिल्या, वायफाय नाही.
तिसरी हलकी, फकिरासारखी, हाक मारताच उठायची,
पण मराठी लिहिलं की
'वाऱ्यावर'मधला र तुटून
ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळाशेजारी जाऊन बसायचा.
चौथीचं काही आठवत नाही.

शेजारच्या पलंगावरून टेकबहादुर हसायचा :
"दर जुम्म्याला नवं लग्न!"

खरं सांगायचं तर माझं त्यावर कामच नव्हतं काही.
पगाराचा हिशोब, सबिहाला पाठवलेल्या पैशांची वही,
आणि कधीमधी चार ओळी, ज्या कुणाला दाखवत नाही.
एवढ्यासाठी रात्र रात्र?
एवढ्यासाठीच, बहुतेक.

पाचवी लावली तेव्हा बाहेर वाळूचा वारा सुटला होता.
तिने भाषा विचारली. यादीत खाली खाली जात
मी मराठी निवडलं, सवयीने, आशेने नव्हे.
वहीची फाईल उघडली.
आणि ल उमललेला.
पाट्यांवरचा तो उभ्या दांडीचा नव्हे,
दाभोळच्या शाळेत मोडकबाई
फळ्यावर काढायच्या तो, दोन पाकळ्यांचा,
आणि त्याच्या शेजारी देठाचा श.
'शिल्लक' हा शब्द मी किती वेळ पाहत बसलो.
रक्कम तीच होती, एकशे बारा रियाल.

मग फारसं काही केलं नाही.
पट्टी, एवढं भांडून, शेवटी खालीच ठेवली.
मागे चित्र नाही, नुसता करडा रंग.
घड्याळं दोन, दीड तासाच्या अंतराने.

एक गोष्ट मात्र अजून अंगवळणी पडत नाही :
काही नवं बसवायचं तर ते थांबून विचारतं, परवानगी?
आणि पासवर्ड माझाच.
अठरा वर्षं या मुलखात
रजेला, बदलीला, लायसन्सला
कुणाचा ना कुणाचा शिक्का आणत आलो.
इथे मीच अर्ज करतो
आणि मीच, जरा खाकरून, मंजूर करतो.

परवा टेकबहादुरने विचारलं, आता कुठली?
म्हटलं, हीच.
तो पायातला मोजा काढत बसला. मग म्हणाला,
"तर माझंही नाव घाल त्यात."
घातलं. त्याच्यासाठी नेपाळी निवडलं.
त्याने दोन बोटांनी गावाचं नाव उमटवलं, झापा,
आणि त्याचा झ माझ्या झ सारखा नव्हता.
दोघांनी वाकून पाहिलं.
"हाच," तो म्हणाला, "हाच आमचा."

आता मशीन सुरू केलं की दोन नावं येतात.
त्याच्याकडे मागे चहाचे मळे आहेत, हिरवेगार,
आणि पट्टी
त्याने डावीकडे नेली आहे.